कोणते खरात?

आमच्या कंपनीत कंपूटर चालू होताना कुणी बोलायचं नाही असा नियम होता. हा नियम मॅनेजरनं केलेला नव्हता, इलेक्ट्रिशियननं केलेला होता.

सकाळी साडेआठला मी बटण दाबलं की साहेबराव खरात दारात उभं राहून उजवा हात वर करायचे. मग सगळं थांबायचं. रजेचा अर्ज घेऊन आलेला कामगार अर्जासकट थांबायचा, स्टोअरचा क्लार्क तोंडातलं पान तोंडातच धरून ठेवायचा. आतून घरघर व्हायची, 'पिंक' असा एक आवाज यायचा आणि काळ्या काचेवर सगळ्यात वर एक इंग्रजी ओळ उमटायची. साहेबराव ती ओळ एकेक अक्षर लावून वाचायचे, मान डोलवायचे आणि हात खाली घ्यायचे.

"हां. बोला आता."

मी एकदा वैतागून विचारलं, "अहो, पण मघाशी कोण बोलत होतं, म्हणून आम्ही गप्प बसायचं?"

"कार्ड बोलत व्हतं," ते म्हणाले. "नाव सांगत व्हतं आपलं. कुणी नाव सांगायला लागलं की मधी तोंड घालू नये, सुमन मॅडम."

हे कार्ड म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई भलतंच काहीतरी बोलतेय. कंपूटरच्या पोटात हिरव्या पट्ट्या खोचलेल्या असतात. त्यातली एक पट्टी काचेवर अक्षरं आणि चित्रं काढायचं काम करते. तेच ते कार्ड. साहेबराव त्याला 'चित्रवाला' म्हणायचे. कंपूटर सुरू झाला की त्याच्या स्वतःच्या कंपनीचं नाव काचेवर येतं, पण त्याच्याही आधी जरा वेळ चित्रवाल्याचं नाव येऊन जातं. जगात कुणाचं तिकडे लक्ष जात नाही. साहेबरावांचं जायचं.

ही गोष्ट नव्वदीच्या सुरुवातीची. आताचं संभाजीनगर तेव्हा औरंगाबाद होतं आणि चिकलठाण्याला, वाळूजला महिन्याला एक नवी शेड उभी राहायची. मी बी.कॉम. होऊन चिकलठाण्याच्या एका कंपनीत लागले होते. कंपनी स्कूटरच्या केबली बनवायची. तिथं मी पगाराची माहिती कंपूटरमध्ये भरायची. कंपूटरच्या खोलीला काचेचा दरवाजा आणि कंपनीतला एकुलता एक एसी. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. देवळात नव्हती एवढी शिस्त तिथं होती. मे महिन्यात तर मॅनेजरसाहेबसुद्धा फायली घेऊन, मोजे घालून, माझ्या शेजारी येऊन बसायचे आणि म्हणायचे, "जरा डेटा बघतो." डोळे मिटून बघायचे.

साहेबरावांची नेमणूक मोटारी आणि ट्यूबलाइटी बघायला झाली होती. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगानं काडी, खाकी पँट, पांढरा शर्ट आणि शर्टाच्या खिशात एक गुलाबी, वासाचं खोडरबर. कंपूटर बिघडला की इंजिनियर पुण्याहून यायचा, त्याला यायला दोन दिवस लागायचे. तो काम करायला लागला की साहेबराव त्याच्या खांद्यावरून बघत उभे राहायचे. एकदा तो आपलं जाडजूड पुस्तक विसरून गेला. विसरला की साहेबरावांनी त्याला विसरायला मदत केली हे मी सांगू शकत नाही. वर्षभर ते पुस्तक आणि एक डिक्शनरी घेऊन ते जेवणाच्या सुट्टीत जनरेटरमागं बसलेले दिसायचे. वर्षानंतर पुण्याचा इंजिनियर यायचा तो चहा प्यायलाच.

त्यांच्या नावानं मॅनेजरसाहेबांची मोठी पंचाईत केली होती. मॅनेजरसाहेब नवीन आले तेव्हा म्हणाले, "साहेबराव अशी हाक मी मारायची? मग साहेब कोण, तो की मी?" त्यांनी मधला मार्ग काढला आणि नुसतं 'राव' म्हणायला सुरुवात केली. साहेबराव ढिम्म. 'राव, ओ राव' करून साहेबांचा घसा बसला तरी हा माणूस फ्यूज बोर्डाकडं तोंड करून उभा. शेवटी मी खांद्याला हात लावला.

"साहेब बोलवतायत."

"आपल्याला नाय बोलवलं. ते कुणी राव नावाचं असंल. अर्ध्या नावाला मी वळत नाय."

मग साहेब 'खरात' वर आले. खरातला मात्र ते चटकन वळायचे, 'ओ' द्यायचे.

कंपूटर कसा जागा होतो ते त्यांनी मला डब्याच्या वेळेला समजावून सांगितलं. तसं मला नंतर कुठल्याच क्लासमध्ये कळलं नाही. भाकरीचा तुकडा हातात धरून ते म्हणाले, "बटन दाबलं की मेंदू जागा व्हतो. पण त्याला काय दाखवता येत नाय. नुसती शिट्टी मारता येती. मग त्यो चित्रवाल्याला हुडकायला निघतो. गल्ली ठरलेली हाय त्याची. एकेक दार ठोठावत जातो. कोण हाय? जवाब नाय. म्होरलं दार. कोण हाय? जवाब नाय. आन एका दारामागून जवाब येतो, पंचावन्न, एए."

"हे काय आणखी?"

"खूण हाय ती. ही खूण सांगितली की समजायचं, हितं कुणीतरी राहतंय. पण नुसत्या खुणंवर इस्वास ठेवत नाय त्यो. आतल्या समद्या आकड्यांची बेरीज करतो. शून्य आली पायजे, तवाच खरा. मग म्हनतो, ये बाबा, तुझं काम तू सुरू कर, मी थांबतो. बघा मॅडम, मालक थांबतो. चित्रवाला आपली झाडलोट करतो, दिवा लावतो, आपलं नाव लिवतो, आन मग म्हनतो, घे, आता तुझं चालू दे." त्यांनी तुकडा तोंडात टाकला. "आन चित्रवाला सापडलाच नाय तर मेंदू बोंबलतो. एक लांब शिट्टी, दोन आखूड."

या शिट्ट्यांच्या जोरावर त्यांनी एकदा मॅनेजरसाहेबांची अब्रू वाचवली.

मोठ्या गिऱ्हाईक कंपनीचे पाहुणे आमचा कंपूटर बघायला येणार होते. साहेबांनी त्यासाठी रंगीत चित्रांचं नवं कार्ड आणि नवा रंगीत मॉनिटर आणवला. पुण्याच्या इंजिनियरनं कार्ड बसवलं, जुनं काळंपांढरं कार्डही असू दे म्हणून आतच ठेवलं, दोन्हीकडं बघून घेतलं आणि गेला. साहेबांनी नव्या मॉनिटरला धूळ लागेल म्हणून तो रात्रीपुरता आपल्या केबिनमध्ये नेऊन प्लॅस्टिक घालून ठेवला. सकाळी मी आपली जुन्या मॉनिटरसमोर बसले, बटण दाबलं. साहेबराव दारात उभे होते. 'पिंक' झालं. काच काळी ती काळीच.

साहेबांना घाम फुटला, एसीत. पाहुणे अकराला येणार. "उघडा, सगळं उघडा, वायरी बदला," असं त्यांचं सुरू झालं. स्टोअरचा क्लार्क पेचकस घेऊन धावला. साहेबराव कंपूटरच्या पुढ्यात आडवे झाले.

"दमानं. शिट्टी किती झाली?"

"एक," मी म्हणाले.

"एक आखूड शिट्टी म्हंजे समदं ठीक. त्याला चित्रवाला सापडलाय. आपल्याला सापडंना. ज्याचं ठीक हाय त्याचं पोट कशाला फाडायलाव?" मग साहेबांकडं वळून म्हणाले, "जुन्या कार्डाकडं जवाब नसतो, साहेब, ते मुकं असतंय. नव्याकडं हाय. दोघं असले की कंपूटर जवाब देणाऱ्यालाच धरणार. त्यो नव्याच्या तोंडानं बोलायलाय कवाचा, आन तुमी जुन्याच्या तोंडाकडं बघत बसलाव. नव्याचं तोंड कुठंय?"

नव्याचं तोंड केबिनमध्ये प्लॅस्टिकखाली होतं. ते साहेबांनी स्वतः उचलून आणलं. वायर लावली, बटण दाबलं, आणि नाव वाचायला साहेबरावांचा हात पहिल्यांदा वर गेला तेव्हा साहेबही तोंड मिटून उभे राहिले. रंगीत अक्षरांत नाव उमटलं. साहेब एवढंच म्हणाले, "गुड, खरात." तो दिवस मावळेपर्यंत साहेबरावांनी खोडरबर तीनदा या खिशातून त्या खिशात घातलं. म्हणजे हातांना काय करावं ते सुचत नव्हतं.

खोडरबराचं सांगायचं राहिलं. कंपूटर रुसला की साहेबराव कार्ड बाहेर काढायचे, त्याच्या कडेला पिवळ्या पट्ट्या असतात त्या खोडरबरानं घासायचे आणि पुन्हा दाबून बसवायचे. दहातले आठ वेळा चालायचं. त्यामुळं जगातल्या सगळ्या दुखण्यावर त्यांचा एकच इलाज होता, काढा, घासा, परत बसवा. मिक्सर, टॉर्च, टेलिफोन, शिलाई मशीन. पॅकिंगमधल्या एका बाईचं नवऱ्याशी पटेना तर तिलाही म्हणाले, "माहेरी जा, जरा घासून घे, परत ये." ती गेली आणि परत आली. त्यांचं बरोबर ठरायचं, हाच वैताग होता.

आता मूळ गोष्टीवर येते. हा माणूस राहायला कुठं होता, तर कंपनीच्या मागं एका शेडमध्ये, सामानाच्या खोक्यांत. खोली शोधत होता. दर रविवारी सिडकोत हिंडायचा आणि सोमवारी तोच चेहरा घेऊन यायचा. मी विचारलं, "मिळाली का?"

"नाय. विचारत्यात, कोणते खरात?"

आमच्याकडं खरात धनगरांतही आहेत, बौद्धांतही आहेत, आणि आणखी कुणाकुणात असतील. नुसत्या आडनावावरून लागत नाही. म्हणून घरमालक गोड आवाजात विचारतो, कोणते खरात? साहेबराव बौद्ध. खरं सांगायचे. मग खोली कालच कुणाला तरी दिलेली निघायची.

"कंपूटर बरा," ते म्हणाले. "तिथं जवाब दिला की आत घेतो. हितं जवाब दिला की बाहेर काढत्यात."

हे ऐकून माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्याकडं चला. वरची खोली रिकामी आहे." वडील गेल्यापासून सिडकोतल्या आमच्या घरात आई आणि मी दोघीच होतो. आम्ही धनगर. आईच्या वडलांची अजिंठ्याच्या अलीकडं मेंढरं होती. आई शाळेत गेली नाही, पण तिच्याइतकी तोंडाची दांडगी बाई आख्ख्या गल्लीत नव्हती. संध्याकाळी साहेबराव इस्त्रीचा शर्ट घालून आले. खुर्चीच्या कडेवर बसले. पाठ ताठ, जवाब तयार.

"आडनाव?" आईनं विचारलं.

"खरात."

"अगं बाई. माझं माहेर खरातांचं. कुठले म्हनायचे?"

"सिल्लोडच्या अलीकडचे. पण ताई, मी..."

"म्हंजे शेजारीच की. सुमे, च्या ठेव. दूध जास्त घाल. माझ्या माहेरचा मानूस आलाय."

"ताई, माझं जरा ऐका..."

"ऐकती की. आधी च्या पी. किती वाळलायस रे."

नाव सांगताना मधी तोंड घालू नये म्हणणाऱ्या माणसाला त्या दिवशी माझ्या आईनं एकदाही वाक्य पुरं करू दिलं नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी चहाकडं बघितलं. खोली मिळाली.

दोन महिन्यांनी भाऊबीज आली. आईला भाऊ नाही. आयुष्यभर तिनं भाऊबिजेला चंद्राला ओवाळलं, गच्चीवर जाऊन. त्या वर्षी तिनं पाट मांडला, रांगोळी काढली आणि साहेबरावांना हाक मारली, "ये रे भाऊ." साहेबराव जिन्यात थबकले. मला वाटलं, आता सांगतील. ते आले आणि पाटावर बसले. डोक्यावर रुमाल टाकून, डोळे मिटून. ओवाळणीत त्यांनी काढून, घासून, परत बसवलेला मिक्सर दिला. त्या दिवसापासून ते माझे मामा झाले. कंपनीत 'सुमन मॅडम' आणि घरी 'सुमे'.

तीन वर्षं हे असं चाललं. मामांना माहीत, मला माहीत, आईला माहीत नाही. सांगितलं तर बहीण जाणार, नाही सांगितलं तर स्वतःचं नाव तोंडात धरून जगायचं. मी का नाही सांगितलं? भीती वाटायची. आईच्या रागाची नाही, रागात तिच्या तोंडून काय निघेल त्याची.

मामा आपल्यापुरता मार्ग काढायचे. गणपतीची आरती सुरू झाली की नेमका त्यांच्या खोलीतला फ्यूज उडायचा. सत्यनारायणाला उडायचा, नवरात्रात उडायचा. आई म्हणायची, "त्या वरच्या वायरिंगला काय झालंय कळंना. देवाची येळ झाली की जातंय." देव त्यांना चालत नव्हता. पाट मात्र चालत होता.

एकदा जेवताना सांगायला लागले, "आज साहेबाच्या कंपूटरचा जंपर उलटा लागला व्हता. मी काढला, सुलटा घातला." कंपूटरच्या बोर्डावर एक बारकी चिमटी असते, कार्ड रंगीत का काळंपांढरं ते सांगणारी, तिला जंपर म्हणतात. आईच्या लेखी जंपर म्हणजे बायकांचं पोलकं. तिच्या हातातली पळी थांबली. "साहेब जंपर घालतोय?" मामा इतके हसले की पाणी नाकात गेलं. मामांना खरं हसताना मी आमच्याच स्वयंपाकघरात बघितलं. कंपनीत ते कधी हसले नाहीत.

आणि त्याच स्वयंपाकघरात नामांतराचं बोलणंही व्हायचं. शहरात दुसरा विषयच नव्हता. विद्यापीठाला नाव द्यायचं का नाही, यावर चहाच्या टपरीवर कप फुटायचे. आज मोर्चा, उद्या बंद, परवा पोलिसांच्या गाड्या. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "नाव बदलून काय पोट भरतंय व्हय रे भाऊ?" मामा म्हणायचे, "अजून एक भाकरी द्या, ताई." एवढाच त्यांचा निषेध. अशा वेळी ते चार-चार भाकरी खायचे.

एका बंदच्या दिवशी मामा बाहेर निघाले तर आईनं दार अडवलं. "जायचं नाय. मोर्चा निघालाय. ते लोक अंगावर येत्यात म्हनं. तुला काय झालं तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?"

मामा चपलेत पाय घालून तसेच उभे राहिले. "त्यांना मी वळखतो, ताई. काय नाय करत."

"तुला काय म्हाईत. भोळा हायस तू." त्यांना आत ओढून तिनं कडी लावली. ते मोर्चालाच निघाले होते. दिवसभर खिडकीत बसून राहिले आणि लांबून घोषणा ऐकत होते. त्या दिवशी मला आईचा राग आला, आणि तिच्या मायेनं भरूनही आलं. दोन्ही एकदम येऊ शकतं हे मला तेव्हा कळलं.

नाव दिल्याची बातमी आली तो संक्रांतीचा दिवस होता. आई पितळेच्या डब्यात तिळगूळ भरत होती. मामा दुपारी आले, हातात पेढ्यांचा पुडा. पांढरा शर्ट, त्यावर निळी भुकटी उडालेली. आईनं त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. मामांनी तिच्या हातावर पेढा ठेवला.

"कशाचा रे?"

"विद्यापीठाला नाव मिळालं, ताई."

"मग? तुला काय त्याचं?"

मामांनी तिळगूळ मुठीत घट्ट धरला होता. "ताई, आज मला बोलू द्या. मी खरातच हाय. पण तुमच्यातला खरात नाय. बौद्ध हाय मी. पयल्या दिवशीच सांगायचं व्हतं. तुमी सांगू दिलं नाय, ते खरंय. पण नंतर तीन वर्षं मीच नाय सांगितलं, ते त्याहून खरंय."

आईच्या तळहातावर पेढा तसाच.

"खोलीसाठी?" तिनं विचारलं.

"खोलीचा लोभ नव्हता, ताई. खोक्यांत राहत व्हतोच की. तुमी भाऊ म्हनला. मला कधी कुणी म्हनलं नव्हतं. त्याचा लोभ सुटला."

आईनं पेढा डब्याच्या झाकणावर ठेवला आणि आत गेली. मला फक्त एकच विचारलं, "तुला म्हाईत व्हतं?" मी म्हणाले, होतं. "म्हंजे घरात मीच एकटी येडी," ती म्हणाली आणि गॅस पेटवला.

पुढचे आठ दिवस वाईट गेले. आई दोन्ही वेळा ताट वाढायची, झाकायची आणि माझ्या हाती वर पाठवायची. मामा जेवायचे, ताट घासायचे, पायरीवर ठेवायचे. आई ते ताट उचलून पुन्हा एकदा घासायची. मी बघत होते आणि मला लाज वाटत होती. चौथ्या दिवशी तिनं पुन्हा घासणं बंद केलं, हेही मी बघितलं. पण मामांना ते कसं कळणार. कंपनीत त्यांचा हात वर जाईना. मी बटण दाबायची, लोक बोलत राहायचे, नाव येऊन निघून जायचं. मॅनेजरसाहेबांनीच मला विचारलं, "खरातांना बरं नाही का?"

रविवारी मी वर गेले तर मामा सामान बांधत होते. पेटी उघडी होती, कंपूटरमधून बाद झालेली जुनी कार्डं वर्तमानपत्रात एकेक करून गुंडाळत होते. मुकुंदवाडीला खोली बघितली म्हणाले, आपल्याच माणसांत. "आपलीच" म्हणताना त्यांना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

तेवढ्यात जिन्यात धापा ऐकू आल्या. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळं तीन वर्षांत ती वर कधी आली नव्हती. कठडा धरून, पायरीपायरीला थांबत ती आली आणि मामांच्या खाटेवर बसली.

"मला राग आलाय," ती म्हणाली. "जातीचा पन आला. खोटं कशाला बोलू. लहानपनापासून जे कानावर पडलं ते एका पेढ्यानं जाईना. पन त्याहून जास्त राग तू गप बसलास त्याचा आलाय." मग दम खाऊन म्हणाली, "आता गुडघे निवस्तोवर मी काय खाली उतरत नाय. तवर सांग. कोन कोन हाय तुझं?"

मामा कार्ड हातात धरून उभे. "कुनी नाय, ताई."

"असं कसं कुनी नाय?"

त्यांनी सांगितलं. आवाज न चढवता, कंपूटरचं सांगायचे तसंच. पंधरा वर्षांमागं नामांतर पहिल्यांदा जाहीर झालं तेव्हा गावात त्यांची वस्ती पेटवली. त्यांचं घरही गेलं. म्हातारीला घेऊन ते शहरात आले. वडील आधीच गेलेले. भावंडं झालीच नव्हती. म्हातारी दोन वर्षं जगली, रोज विचारायची, गावाला कधी जायचं. ती गेल्यावर लग्नाचं बघायला कुणी उरलं नाही. मग कंपनी, मोटारी, कंपूटर.

मला यातलं काही माहीत नव्हतं. तीन वर्षं मी त्यांना मामा म्हणत होते आणि एकदाही विचारलं नव्हतं. जात माहीत होती म्हणून मला वाटायचं, मला सगळं माहीत आहे.

आईनं गुडघे चोळले. मग तिनं विचारलं, "आईचं नाव काय व्हतं?"

"गिरजा."

"गिरजा," आई म्हणाली. "आन मी तीन वर्षं तुला माझ्या बापाच्या घराण्याचा म्हनून ओवाळलं. माझ्या आजा-पणजाची नावं घेतली मनात. समदं चुकीच्या घरी गेलं की. त्यातलं तुला काय बी लागलं नसंल. परत करावं लागंल."

"ताई, आमच्यात नसतंय हे असलं."

"मग तीन वर्षं कसा बसलास पाटावर?"

मामा हातातलं कार्ड गुंडाळायला लागले.

"सुमे, खालून ताम्हन आन. पाट राहू दे, खाटंवर बसंल त्यो. कुंकू आन, तेल-वात आन. अक्षता इसरू नको."

मी म्हणाले, "आई, भाऊबीज दिवाळीत असते. आता जानेवारी चाललाय."

"मला शिकवू नको. जा."

मी पळाले. ताम्हण घेऊन वर आले तेव्हा मामा खाटेवर बसले होते आणि आई त्यांच्यासमोर कशीबशी उभी होती, एका हातानं खिडकीचा गज धरून. तिनं ताम्हण घेतलं, दिवा लावला. ओवाळताना ती आधी मनात पुटपुटायची, त्या दिवशी मोठ्यानं बोलली. "गिरजेच्या लेका, साहेबराव खराता, शंभर वर्षं जग."

मामांनी डोळे मिटले नाहीत. उघड्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं आणि खांदे गदागदा हलायला लागले. आईनं ताम्हण माझ्या हाती दिलं आणि कुंकू लावायला त्यांची हनुवटी धरली.

"हलू नको," ती म्हणाली. "टिळा वाकडा जायलाय."